पायावर पाय

२ मार्च
आजपासून डाएट. कारण खाजगी नाही, धंद्याचं आहे. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, तुम्ही खुर्चीत बसलात की खुर्ची दिसत नाही. फर्निचरच्या दुकानात असं वाक्य जिव्हारी लागतं. नव्या शोरूमचा मुख्य सेल्समन मीच होणार. दुसरा उमेदवार दुकानातलाच एक टायवाला. त्याच्याकडे टाय सोडून काही नाही.

४ मार्च
सकाळी काकडी. दुपारी काकडी. संध्याकाळी बायको म्हणाली, दोन घास जेवा, पण माझ्यावर खेकसू नका. मी खेकसत नाहीये, हे तिला शांतपणे सांगितलं. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

१९ एप्रिल
पँट पट्ट्याशिवाय राहत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा पायावर पाय टाकता आला! दुकानाच्या कॅटलॉगमधला गृहस्थ बसतो तसा, उजवा डाव्यावर. दिवसभर तसाच बसलो. गिऱ्हाईक आलं तरी उठलो नाही. खुर्ची बसूनच विकावी.

८ मे
उजवी चप्पल पायातून सारखी निसटते. नवीन जोड घेतला.

९ मे
नवा जोडही खराब निघाला. चालताना फट्‌ फट्‌ वाजतं. फरशीचा दोष असावा.

११ मे
उजवं पाऊल पुढून उचललंच जात नाही. वरून चिमटा काढला तर दुसऱ्याच्या पायाला काढल्यासारखं वाटतं. बायको म्हणाली, चपला बदलून झाल्या, आता पाय दाखवा. वेळ नाही. तोवर गुडघा उंच उचलून चालतोय. चाल रुबाबदार दिसते. टायवाल्याने दुकानभर तशीच चालून दाखवली. नक्कल चांगल्या गोष्टीचीच होते.

१२ मे
बायकोने डॉक्टरीणबाईंकडे नेलंच. त्यांनी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बोटाने टकटक केलं. पायभर मुंग्या. म्हणाल्या, मेंदू ठीक आहे, पाठीचा कणा ठीक आहे, तिथून पायाकडे जाणारी नस दबलीय. ती इथे हाडावरून, कातडीच्या अगदी खालून जाते. पाऊल उचल हा हुकूम तिच्यातूनच खाली जातो, स्पर्शाची बातमी तिच्यातूनच वर येते. सध्या दोन्ही बंद. मी विचारलं, पण दबली कशी? तर म्हणाल्या, तिच्यावर चरबीची गादी होती, ती तुम्ही घालवलीत आणि वर पायावर पाय टाकून बसलात.
म्हणजे बारीक झालो म्हणून लंगडा झालो. बायको हसली नाही. हसली असती तर बरं होतं.
उपाय: नीट जेवणे, सरळ बसणे, पाऊल उचलून धरणारा पट्टा, थोडा व्यायाम. बहुतेक बरं होईल, पण आठवडे लागतील, कदाचित महिने. नसेला घाई करता येत नाही म्हणे. मी सांगितलं, रविवारी शोरूमचं उद्घाटन आहे, तोवर बरा होतो. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

१५ मे
पावलाचा पट्टा घरीच ठेवला. पँटमधून दिसतो. इच्छाशक्ती नावाची चीज असते.

१७ मे, रविवार
उद्घाटन. एक आजी सोफ्यावर बसून बघत होत्या, त्यांच्याकडे रुबाबात निघालो. गालिच्याच्या कडेला पाऊल अडकलं. थेट आजींच्या मांडीवर. सोफा किती मजबूत आहे हे आपोआप सिद्ध झालं, तसं मी बोलूनही दाखवलं. आजी म्हणाल्या, आधी उठ बाबा. उठता येईना. टायवाल्याने काखेत हात घालून उचललं. हळूच उचललं, हे लिहायला हवं.
सोफा त्यानेच विकला.

१८ मे
मालक फार प्रेमाने बोलले. तेव्हाच ओळखलं. मुख्य सेल्समन टायवाला. मी बरा होईपर्यंत फोनपाशी. बसून.

६ जून
पट्टा लावतो. दोन्ही वेळा जेवतो. संध्याकाळी घरी व्यायाम म्हणून पाय लांब करून पावलाला हुकूम सोडतो: ऊठ. गोड बोलून पाहिलं, ओरडून पाहिलं. बायको आतून म्हणाली, कोणाला ओरडताय? फोनवर आहे म्हणालो. फोन तिच्या हातात होता.

१४ जून
हललं! मोज्याचं टोक स्पष्ट हललं. बायकोला हाक मारली. ती येऊन पायाशी बसली, बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, पंख्याचा वारा आहे हो. मी म्हणालो, बंद करून बघ.
बंद केला. दोघंही श्वास रोखून बघत होतो. काही नाही.
मग ती उठली, पंखा पुन्हा लावला, आणि म्हणाली, हं, हलतंय बघा.