दोन फळ्यांवरचा बर्फ

प्रादास्का, ११ फेब्रुवारी १९८६

प्रिय उर्सिना,

हिमलोटाने रस्ता आणि टेलिफोनच्या तारा गाडल्याला आज पाचवा दिवस. स्की करायला आलेले पाहुणे हॉटेलच्या खिडकीला नाकं लावून बसलेत. बर्फासाठी आले, बर्फानेच कोंडले! एरवी मला हसू आलं असतं. पण शुक्रवारी पर्यटन मंडळासमोर तुझ्या नवऱ्याच्या, गाउडेंझच्या नोकरीचा निकाल आहे, तक्रार माझी आहे, आणि मी इथे अडकलोय.

तक्रार साधी होती. एकच डोंगर, एकच वादळ. आमच्याकडे ताजा बर्फ सत्तेचाळीस सेंटिमीटर, आणि पलीकडे तुमच्या क्लावुत्सला गाउडेंझच्या फलकावर एकसष्ट! पाहुणे सामान उचलून तुमच्याकडे निघाले. खानावळीत मी त्याला सगळ्यांदेखत खोटारडा म्हणालो. तो सांगत होता, "अहो मामा, मी बर्फ मोजायची फळी दिवसातून कितीदा झाडतो ते तरी विचारा!" मी म्हणालो, "तू दुपट्यात होतास तेव्हापासून मोजतोय मी. मला फळी शिकवतोस?" लोक हसले. तू सूप अर्धं टाकून उठून गेलीस.

मी सहावीत शाळा सोडली. बर्फाचं शास्त्र जुन्या पुस्तकांतून एकट्याने शिकलो, म्हणून कुणी चूक काढली की अंगावरच जातो. तेवीस वर्षं माझा नेम एकच: सकाळी सातला फळीवरचा बर्फ मोजायचा, फळी झाडायची, मग चोवीस तासांनी पुन्हा. शनिवारी, दुसरा उद्योग नव्हता म्हणून, शेजारी आणखी एक फळी ठेवली आणि ती दर सहा तासांनी मोजून झाडली. रविवारी माझ्या फळीवर चव्वेचाळीस. दुसरीची बेरीज सत्तावन्न. वाटलं, पट्टी धरताना चुकलो. काल केलं, आज केलं. फरक जवळपास तेवढाच. पडलेला बर्फ आपल्याच वजनाने दबतो, हे मला ठाऊक होतं गं. गाउडेंझने दबायच्या आत मोजला, मी दबल्यावर. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

हे इथे कुणालाही माहीत नाही. गप्प बसलो असतो तर खपून गेलं असतं. पाव घेऊन आलेलं हेलिकॉप्टर तासाभरात परत जाईल, त्याबरोबर हे पाठवतोय. सोबतच्या कागदावर तक्रार मागे घेऊन सही केली आहे. मला पोचता येणार नाही, तेव्हा शुक्रवारी तो मंडळासमोर तूच वाच. 'अज्ञान माझं होतं' हे वाक्य दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलंय. तिथे आवाज खाली आणू नकोस.

तुझाच,
बाबा