आईच्या रक्तातलं मीठ

४ एप्रिल

चि. मास्तर यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं. रसायनाच्या वर्गातल्या पोरांनी तुझं नाव ‘बाटली’ ठेवलंय हे वाचून एरवी मी पोट धरून हसले असते. आता हसू फुटत नाही रे. आईचं काही खरं दिसत नाही.

परवा तिने मला विचारलं, बाई, तू कुणाची. मी म्हटलं, तुझीच गं. तर म्हणाली, माझी मुलगी एवढी म्हातारी नाही. काल भाजी घेऊन आले तर हिने आतून कडी लावलेली. खिडकीतून म्हणत होती, चोर आलाय, दार उघडणार नाही. अख्खी गल्ली बघत होती. शेवटी ह्यांनी मागच्या बाजूने चढून कडी काढली. चालताना झोकांड्या जातात, डोकं सारखं दुखतं, जेवणावर तर वासनाच नाही.

आम्ही काही कमी करत नाही. मूतखडा निघाल्यापासून घरचा नियम तुला ठाऊकच आहे, तिच्या दारावरून जो जाईल त्याने एक पेला पाणी तिच्या हातात द्यायचा आणि रिकामा करूनच पुढे जायचं. हे तर मुद्दाम चार फेऱ्या जास्त मारतात. रक्तदाबासाठी जेवण अळणीच आहे. लघवीला जास्त व्हायची ती नवी गोळीही चुकवत नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं, विसरायचंच. मी हात टेकलेत. काहीतरी सुचव.

तुझी ताई

९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वर्गावर गेलो आणि काय शिकवलं ते आठवत नाही. तू एकटी किती ओढणार? भावोजींचंही वय झालं.

इथे विसराळू माणसांसाठी एक घर आहे. काल जाऊन आलो. खोल्या स्वच्छ आहेत, खिडक्यांना गज आहेत, बायका मायेच्या वाटल्या. एक तारखेला एक खोली रिकामी होते आहे. मी होकार देऊन आलोय. तू मला शिव्या घालशील, घाल. पण आईने उद्या गॅस उघडा टाकला तर? बाहेर पडून कुठे हरवली तर? मी रडतच हे लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

तोवर उन्हाचं जपा. पाणी अजिबात कमी पडू देऊ नकोस.

तुझा,
मास्तर

१६ एप्रिल

चि. मास्तर यास,
अनेक आशीर्वाद.

शिव्या कसल्या घालू? आम्ही दोघांनी काल तिच्याच पलंगावर बसून तिची पिशवी भरली. चार साड्या, चष्मा, बाबांचा फोटो. हे म्हणत होते फोटो नको, तिथे कोण ओळखणार. मी म्हटलं, असू द्या. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला आता कशाचंच काही नाही.

तुझं ऐकून पाणी वाढवलंय, पण अर्धं उलटून पडतं. म्हणून मी पुन्हा देते. रोज आदल्या दिवसापेक्षा वाईट आहे, असं कसं रे? पायांत गोळे येतात, किंचाळते. आणि काल तर कहरच केला. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मिठाच्या डब्यात हात घालून बकाबका मीठ खात होती. मी तिची मूठ उघडून मीठ काढून घेतलं आणि लहान पोराला ओरडावं तशी ओरडले. ती हात चाटत राहिली. ते बघून मी मोरीत जाऊन रडले. एक तारीख लवकर येऊ दे, आणि कधीच येऊ नये, असं दोन्ही वाटतं.

तुझी ताई

२१ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

तार मिळालीच असेल. तारेत पाणी बंद आणि मोठ्या दवाखान्यात ने, एवढंच मावलं. का ते इथे लिहितो.

आज पोरांना दिव्याचा प्रयोग दाखवत होतो. पाण्यात दोन कांड्या, वर बल्ब. साध्या पाण्यात तो पेटत नाही. साखर घातली तरी नाही. मीठ घातलं की लख्ख पेटतो, कारण मीठ विरघळताना त्याचे धन आणि ऋण भाराचे सुटे कण होतात आणि वीज तेच वाहून नेतात. मग त्यातलं अर्धं पाणी ओतून टाकून तेवढंच साधं पाणी घालायचं. दिवा मंदावतो. पुन्हा तसंच, आणखी मंद. एक मुलगी म्हणाली, सर, याला पाणी पाजून पाजून मारलंत की. तुझं पत्र माझ्या खिशात होतं. ताई, मी वर्ग तसाच टाकून तार करायला धावलो.

आपण आईचं हेच करतोय गं! अळणी जेवण, वर मीठ बाहेर टाकणारी गोळी, वर पेल्यावर पेला. मेंदूचे निरोप याच कणांवर चालतात. रक्तातलं मीठ पातळ झालं की पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं आणि त्या फुगतात. ती मीठ खात होती ते वेड नव्हे, अंग मागत होतं. मला रोज हाच धडा शिकवायचा पगार मिळतो आणि मीच लिहितो, पाणी कमी पडू देऊ नकोस!

रक्तातलं सोडियम तपासायला सांग. गोळीही दाखव. पण हात जोडतो, घाईने घरीच मीठ पाजू नकोस. फार वेगाने वाढलं तरी मेंदूला कायमची इजा होते. ते डॉक्टरांनीच हळूहळू वाढवायचं. ती खोली मी नको म्हणून कळवलंय.

मास्तर

२६ एप्रिल

चि. मास्तर यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा तर्क खरा ठरला. आकडा बघून इथली डॉक्टरीण म्हणाली, बेशुद्ध कशा पडल्या नाहीत? गोळी बंद केली, पाणी मोजून, सलाईन थेंबाथेंबाने. मी तिच्या मागे लागले, बाई, जरा भरभर सोडा ना. ती म्हणाली, आई हवी आहे ना, मग थांबा. थांबण्याने जीव जातो रे.

आज सकाळी आईने डोळे उघडले आणि मला माझ्या लहानपणीच्या नावाने हाक मारली. मी तिच्या गळ्यात पडणार, तेवढ्यात तिने मान वळवून भिंतीकडे तोंड केलं. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. नर्सशी छान बोलते. डॉक्टरीण म्हणते, येईल हळूहळू. मला नाही तसं वाटत.

तुझी ताई

९ मे

चि. दोघांस,
अनेक आशीर्वाद.

हे ताईने वाचून पुढे मास्तरला पाठवावं. तोंडाने सांगणार होते, पण मग रडले असते आणि तुम्ही लगेच पाणी आणलं असतं.

मी बरी आहे. डॉक्टरीण म्हणते, आकडा जागेवर आला. मास्तरचं डोकं वेळेवर चाललं म्हणून आज लिहिते आहे, याची जाण मला आहे. पाणी पाजलंत ते मायेनेच, त्याचा राग नाही. ताई ओरडली तेही विसरले.

पण त्या दिवसांत मला शब्द सापडत नव्हते, कान शाबूत होते. मास्तरने ठरवलेल्या खोलीचं बोलत ताई आणि जावई माझ्या पलंगावर बसून माझ्या साड्या मोजत होते. तुमच्या बाबांचा फोटो न्यावा की नको यावर बोलले. मला विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही. मी भिंतीकडे तोंड केलं ते कुणाला माझे डोळे दिसू नयेत म्हणून.

आता एकच विचारते. तपासणीत मीठ बरोबर निघालं असतं, आणि खरोखरच माझं डोकं गेलेलं असतं, तर एक तारखेला मला गजांच्या खोलीत सोडून आला असतात ना? तेव्हाही मी तुमची आईच होते. दोघांनी आपापल्या हाताने उत्तर लिहावं. खोटं लिहू नये, मला आता सगळं समजतं.

लोभ होताच. पुढचं तुमच्या उत्तरावर.

आई