जीभ परत येईपर्यंत

मंगळ., ३ फेब्रु.
ताप केव्हाच गेला, जिभेची चव काही परत आली नाही. आज कॉलेज रोडच्या त्या नव्या हॉटेलात जेवलो. ट्रे घ्यायचा, रांगेत सरकायचं, काचेमागच्या वाट्या आपल्या आपण उचलायच्या. डाव्या बाजूचं सगळं रोजचं ताजं. बिटाची, गाजराची, काकडीची कोशिंबीर, आवळ्याची चटणी, लिंबाची फोड. घरी सौ. विचारते, कसं झालंय. इथे कोणी विचारत नाही. एकेक वाटी तपासली. आंबट नाही, खारट नाही. चटणी तिखट लागली, पण ती चव नव्हे, नुसती आग.
काकडी मशीनवर चिरलेली, कूट पिठासारखं. इथले आचारी माझ्या हाताखाली असते तर... जाऊ दे.

गुरु., ५
इंदिरानगरला वाढदिवसाची ऑर्डर. दत्तूने नेहमीप्रमाणे पळी पुढे केली, मीठ बघा म्हणाला. इतकी वर्षं माझ्या हाताखाली आहे, त्याला टाळणं सोपं नाही. म्हटलं, नैवेद्याचा स्वयंपाक चाखत नाहीत.
"अण्णा, वाढदिवस आहे. केक कापणारेत."
म्हटलं, आजपासून माझ्याकडे सगळाच नैवेद्य. दत्तूने पोळ्यांच्या बायांना जाऊन सांगितलं, अण्णा सोवळ्यात गेले. खूप हसल्या.
मीठ बरोबर पडलं. आमटी पुन्हा पुन्हा मागितली. मला कोणी शिकवलं नाही, लोकांच्या चुलीपाशी उभं राहून आणि स्वतःचं करपवून शिकलो. म्हणून हाताला आठवतं. पण हात किती दिवस...

शुक्र., ६
पुन्हा ट्रे. काही नाही. डॉक्टर म्हणतात, वाट बघा. कंटाळा आला.

रवि., ८
सौ. हट्टाने बरोबर आली. रोज कुठे जेवता बघू तरी, म्हणाली. आचाऱ्याची बायको रांगेत उभी, म्हणून स्वतःशीच हसत होती. बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, आज कोशिंबीर बरी जमलीय, दही आंबट नाही. माझी वाटी संपली होती.
तिने एक चमचा तोंडात घातला आणि कागदात काढला.
"कडूजहर आहे हो काकडी."
काउंटरवर लोक वाट्या परत करत होते. तिथली बाई माफी मागत होती. सौ. माझ्या रिकाम्या वाटीकडे बघत राहिली. रिक्षात विचारलं, कधीपासून. म्हटलं, तापापासून. द्वारका चौकाच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा एवढंच म्हणाली,
"गुरुवारी देशमुख सरांकडे काकडीचीच कोशिंबीर आहे ना?"
आहे. त्यांच्या मुलीचा साखरपुडा. मीठ हात सांभाळेल. काकडी कडू आहे का, ते हाताला कळत नाही. एकेक चाखूनच घ्यावी लागते. एक कडू निघाली की सगळं पातेलं गेलं. नावही गेलं.

मंगळ., १०
सौ. म्हणते, दत्तूला सांगा, तो चाखेल. दत्तूला सांगितलं की नाशकातल्या सगळ्या आचाऱ्यांना सांगितलं. मग म्हणाली, मी येते. इतक्या वर्षांत तिला कधी भटारखान्यात येऊ दिलं नाही. माझ्या कामात कोणाचा हात नको, हे मीच सांगत आलो. शेवटी तीच म्हणाली,
"मग गाजराची करा. गाजर कडू निघत नाही."
सरांना फोन केला, तसं सुचवलं.
"छे, काकडीचीच. अण्णा, व्याह्यांना तुमच्या कोशिंबिरीचं सांगून ठेवलंय मी."

गुरु., १२, सकाळ
काल पुन्हा त्या हॉटेलात गेलो. लिंबाची फोड चोखली. पाणी.
टेम्पो दारात. भांडी चढली. दत्तू खालून विचारतोय, तिथे पोचल्यावर काकड्या लगेच चिरायला घेऊ का. सौ. जुनी साडी नेसून, चपला घालून दारात उभी आहे. मी ये म्हटलेलं नाही, नको म्हटलेलं नाही.
दत्तूला म्हटलं, थांब, मी सांगेपर्यंत सुरी लावू नकोस.
काय सांगणार, ते अजून ठरलं नाही.