चौथ्या जाळीमागचं बोट

३ मार्च, सोमवार

आले बाई एकदाची! खोली लहान आहे, खिडकी एकच, पण दाराला आतून कडी आहे. दोन वर्षं मुलाच्या घरी हॉलमधल्या दिवाणावर झोपले. कपड्यांची बॅग दिवाणाखाली, आणि पाहुणे आले की मी न् बॅग दोघीही गॅलरीत. आज ही कडी तीनदा लावून पाहिली, तीनदा काढून पाहिली. मग एकटीच हसत बसले.

खाली भाच्याचं मोठं स्वयंपाकघर आहे. इथून चार कार्यालयांना दुपारचं जेवण जायचं. ताई गेल्यापासून चार महिने बंद आहे. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, भाच्याची आई. काम करता करताच हृदय बंद पडलं, असं त्याने फोनवर सांगितलं होतं. मी निघेपर्यंत सगळं उरकलंही होतं. आता चोवीस तारखेला शेगड्या पुन्हा पेटणार आणि ताईची जागा मी सांभाळणार. खोली तुझीच समज मावशी, म्हणाला, किचन बघतेस तोवर.

ओट्याच्या कडेवरून नकळत बोट फिरवलं. ही ताईची खोड. आमच्या मिशनच्या शाळेत सिस्टर पांढरा रुमाल घेऊन डेस्क तपासायच्या. ताईने रुमालाच्या जागी बोट घेतलं, एवढाच फरक. कुठेही गेली की बोट फिरवणार आणि काही न बोलता समोरच्याच्या नाकासमोर धरणार. त्या बोटाचं नख मधोमध चिरलेलं होतं. मी सहा वर्षांची असताना माझ्या हातून डेस्कचं झाकण तिच्या बोटावर आपटलं होतं. तिने सिस्टरना माझं नाव सांगितलं नाही. संध्याकाळी तेच दुखरं बोट मला धरायला दिलं आणि रस्ता ओलांडून घरी नेलं.

५ मार्च, बुधवार

आज कामाची ओळख. शेगड्यांच्या ओळीवर पत्र्याचं मोठं छत्र आहे, त्याला हूड म्हणतात. हूडच्या आत सहा तिरप्या चौकटी, एकेका चौकटीत एकेक फिल्टर बसतो. पंखा धूर ओढतो, तळणाचं वाफाळलेलं तेल फिल्टरला अडतं आणि उरलेला धूर नळकांड्यातून छपरावर जातो. जुने फिल्टर कुणीतरी काढून नेलेत. सहा चौकटी बोळक्या तोंडासारख्या उघड्या आहेत.

नवे फिल्टर मी निवडायचे. विक्रेता दोन नमुने ठेवून गेला. एक जाळीचा, ॲल्युमिनियमच्या तारांचे थरावर थर. हलका, चकचकीत, आपल्या जुन्या दुधाच्या कपाटाच्या जाळीची आठवण करून देणारा. दुसरा स्टीलच्या वाकवलेल्या पट्ट्यांचा, जड, दिसायला ओबडधोबड. मला अर्थातच जाळी आवडली.

भांडी घासायला एक बाई आहेत. पंचवीस वर्षं धुण्याच्या सोड्यात हात, म्हणून सगळे त्यांना सोडाबाई म्हणतात. जाळी बघून त्यांनी नाक मुरडलं. म्हणाल्या, सोड्याच्या पाण्यात घाला, दोन धुण्यांत काळी ठिक्कर पडते ही गोरी.

८ मार्च, शनिवार

सोडाबाईंनी आज मला शहाणं केलं. मागच्या अंगणात दोन्ही नमुन्यांना तेल फासलं, विटांवर ठेवले आणि खाली कागदाचा बोळा पेटवला. जाळीतून ज्वाळा सरळ वर आली, जशी काही मध्ये जाळी नव्हतीच. पट्ट्यांच्या फिल्टरखाली ती पसरली, चाचपडली, पण वर आली नाही. तेलही पट्ट्यांवरून ओघळून काठाला जमलं, हूडमध्ये तसंच ते खालच्या पन्हाळीत जमतं म्हणे. जाळी तेल पोटात ठेवते, बाई म्हणाल्या, आणि पोटातलं कधीतरी बाहेर येतंच, बाईसाहेब.

ठरलं. पट्ट्यांचे घ्यायचे.

११ मार्च, मंगळवार

भाचा नाही म्हणाला. पट्ट्यांचे फिल्टर जाड असतात, या चौकटींत बसणार नाहीत. त्यांच्यासाठी हूड उघडावा लागेल, नळकांडं सोडवावं लागेल आणि चोवीस तारीख हुकेल. जाळी आहे तशी सरकते. वर लाडाने म्हणाला, तू पण ना मावशी, अगदी आईवर गेलीस, नको तिथे बोट घालायचं.

दुपारी सहाही चौकटी मी स्वतः सोड्याच्या पाण्याने पुसल्या. आतल्या बाजूने, हात पोचेल तिथवर. चहा पिऊन आले तर चौथ्या चौकटीच्या वर, आत, जिथे माझा हात पोचत नाही तिथल्या काळ्या थरात एक ओढलेली रेघ होती. बोटाएवढी रुंद, आणि तिच्या मधोमध दुसरी बारीक रेघ.

उंदीर असेल. उंदराच्या शेपटीची रेघ.

१३ मार्च, गुरुवार

उंदीर नाही. आज तीन रेघा. तिन्ही चिरलेल्या.

सोडाबाईंना दाखवल्या तर त्या पाटावर बसल्या आणि मग बोलल्या. माझ्याने अजून नीट लिहवत नाही. ताईचं हृदय बंद पडलं नव्हतं. चौथ्या शेगडीवर तळण चालू होतं. चौथी जाळी तेलाने तुडुंब होती, ज्वाळा तिच्यातून नळकांड्यात शिरली. ताई ओट्यावर चढली, पेटलेली जाळी हाताने ओढून काढायला. बाहेर कार्यालयाचे साहेब चव बघायला बसले होते. वास जाऊ नये म्हणून भाच्याने स्वयंपाकघराचं दार ओढून बाहेरून कडी घातली होती. भांडी आपटल्याचा आवाज वाटला म्हणे त्याला.

धूर होता नुसता, बाई म्हणाल्या. जळाल्या नाहीत हो फार. फक्त हात.

म्हणून हूड उघडायचा नाही. उघडला तर आतलं जळलेलं सगळ्यांना दिसेल.

१४ मार्च, शुक्रवार

त्याला विचारलं. तो चिडला नाही, चिडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला की आई परत येणार नाही, पण बारा माणसांच्या चुली याच्यावर पेटतात. मग म्हणाला, तुला जमत नसेल तर राहू दे मावशी, तुझ्या मुलाकडचा तो दिवाण अजून असेलच की.

ज्याला मी मांडीवर घेऊन पाढे शिकवले, त्याने हे म्हटलं. जित्याची खोड म्हणावी तर लहानपणी असा नव्हता. की मीच पाहिलं नाही?

१७ मार्च, सोमवार

सही केली.

अग्निशमन खात्याच्या तपासनिसाच्या कागदावर दोनच ओळी होत्या: फिल्टर मी निवडले, नळकांडं आतून साफ करून घेतलं. भाचा म्हणाला, तुझं अक्षर बघूनच ते डोळे झाकून शिक्का मारतील. खरंच सुंदर आली सही. सिस्टरनी घोटून घेतलेलं वळण.

सोडाबाई दारात होत्या. हात पुसले आणि आत गेल्या.

मी किती वर्षं कुणाच्या तरी दिवाणावर झोपायचं?

१९ मार्च, बुधवार

शिक्का मारलेली प्रत आली. फाइलला लावायला घेतली तर माझ्या सहीवरून तेलकट रेघ. आरपार. मधे चिरलेली.

रुमालाने पुसली. शाई पुसली गेली, रेघ राहिली.

ताई, तू तर माझं नाव कधीच सांगितलं नव्हतंस.

२२ मार्च, शनिवार

जाळ्या बसल्या. सहा. चकचकीत.

सकाळी चाचणीला शेगड्या पेटवल्या. चौथ्या जाळीतून अर्ध्या तासात तेल ठिबकायला लागलं. कोरी जाळी. तिच्याखाली काहीच तळत नव्हतं, नुसतं पाणी उकळत होतं.

जेवून वर आले, कडी लावली, पडले. उठले तर कडीवर रेघ. आतल्या बाजूने. दार बंदच होतं.

ज्या कडीसाठी मी—

२३ मार्च, रविवार

भाच्याला सांगितलं, उद्या नको. सही खोटी आहे म्हणून मीच कळवते. तो हसला. म्हणाला, आणि तुझ्या नावावर काय येईल ते ठाऊक आहे का? सही कुणाची आहे, मावशी?

सोडाबाईंना म्हटलं, उद्या येऊ नका. म्हणाल्या, तुम्हाला खोली आहे बाईसाहेब, मला घर चालवायचंय.

गालावर तेलकट. माझ्या. पुसलं— परत—

२४ मार्च, सोमवार. सकाळ

ओळीने सगळ्या शेगड्या चालू. मी कोठीत बसलेय, काचेतून स्वयंपाकघर दिसतं. गॅसचा मुख्य खटका इथेच माझ्या डाव्या हाताला. मुद्दाम इथे बसले. बाहेर साहेबलोक आलेत. भाच्याने मधलं, स्वयंपाकघराचं तेच दार ओढून घेतलं. कडीचा आवाज ऐकला मी. आत दोन आचारी आणि सोडाबाई.

चौथ्या शेगडीवर तळण.

काचेवर रेघ येतेय. पलीकडून. हळूहळू. हूडकडे—

साडेअकरा

जाळी लाल दिसते. खटका बंद केला. शेगड्या विझल्या. वरची आग विझत नाही. नळकांड्यातलं जुनं तेल, ते आत पेटलंय, गर्जतंय. आचारी कोठीच्या मागच्या दारातून धावत बाहेर गेले. सोडाबाई कोपऱ्यात, पाय घसरलाय, उठता येत नाही. मधलं दार ठोठावतेय मी— बाहेर हसण्याचा आवाज— त्याला भांडी वाटत असतील—

वही खिडकीतून अंगणात टाकते आहे. ज्याला सापडेल त्याने वाचा. सही माझी. नळकांडं साफ केलं नव्हतं. मला माहीत होतं. जाळी चालत नाही हे मला दाखवलं होतं. खोलीसाठी केली. भाच्याने दार—

धुरात ती उभी आहे. सोडाबाईंच्या पलीकडे. बोट पुढे केलंय. नाकासमोर धरून दाखवायला नाही. रस्ता ओलांडायला धरायची तसं. हात सगळा काळा आहे, नख तेच—

येते ताई, आधी बाईंना बाहेर ओढते, मग तुझं बो