अंगठ्याने उघडणारी पाटी

ती. दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. गुडघे वाकत नाहीत म्हणून उभ्यानेच केलाय, पोचला असं समज. तुझं बीपी, तुझा कान आणि तुझा स्वभाव यांतले पहिले दोन तरी बरे असतील अशी आशा आहे. (पत्र लिहून देणारी नात विचारतेय, स्वभाव खोडू का? मी म्हटलं, राहू दे. मास्तर होता, जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात, एक स्वतःची वाचेल.)

पत्रास कारण, लॅपटॉप. नातीच्या वर्गात आता सगळं त्यावरच लिहून घेतात. तू फोनवर माझ्या मुलाला सांगितलंस, "पोरीला नवा कशाला? माझा जुना देतो, चालवून घेईल." आला तुझा जुना. बिजागरी मोडलेली, भिंतीला टेकवल्याशिवाय झाकण उभं राहत नाही, एकदा 'क' दाबला की तीन उमटतात. पोरीने महिनाभर चालवून घेतलं, पण शाळेत भिंत कशी नेणार? मुलाचं एकच पालुपद, "मामा म्हणाला ना, चालेल." शेवटी मीच चपला घातल्या आणि नातीला घेऊन दुकान गाठलं.

दुकानदाराने एक लॅपटॉप उघडला आणि झाकण मागे, मागे, पार पाठीला लावलं. (इतकं वाकायचं काम आमच्या घरात फक्त बायकांचं.) आणि झाली की रे त्याची पाटी! वर लिहायला पेन. दादा, तुझी पाटी फुटली तेव्हा माझी तुला दिली होती, आठवतं? तू आईला म्हणाला होतास, "हिला कशाला पाटी? चालवून घेईल." घेतलं. सत्तर वर्षं घेतेय.

मग मी दुकानदाराला सोडलं नाही. हात टेकवून रेघ ओढली, तर पहिल्या लॅपटॉपवर रेघेबरोबर माझा तळवाही उमटला. नापास. दुसऱ्याच्या पेनाला राहायला जागाच नाही, आणि आमची पोर रोज एक खोडरबर हरवते. नापास. तिसरा पास झाला. मुलाला फोन केला, तो माझा आवाज ऐकूनच कार्ड घेऊन धावत आला. तो आणि नात बिल करायला गेले, तेवढ्यात दुकानदार म्हणाला, "आजी, इथे बोट ठेवा, म्हणजे कुलूप लागेल." सवयीने माझा अंगठाच पुढे गेला. आता तो लॅपटॉप माझ्याशिवाय कुणालाच उघडत नाही. सही येत नाही म्हणून तू भरल्या पाहुण्यांत ज्याच्यावरून सगळ्यांना हसवलं होतंस, तोच अंगठा. नात सकाळपासून "आजी, अंगठा" करत मागे फिरते.

तुझी,
अंगठाबहाद्दर बहीण

ता. क. तुझा जुना परत पाठवतेय. तूच चालवून घे.

ता. क. दुसरा. नात म्हणते, कुलूप दोन मिनिटांत बदलता येतं. मी बदलू देत नाही. रोज तासभर पाटी माझी, तरच अंगठा मिळतो. म्हणून उत्तर मोठ्या, सुट्या अक्षरांत लिही. जोडाक्षरं अजून येत नाहीत आणि तुझं पत्र मला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं नाही. 'चुकलो' या शब्दात एकही जोडाक्षर नाही. नातीला विचारून घेतलंय.