जन्मस्थळाचा रकाना

३ जून
कॉम्प्युटर आज पुन्हा दहा मिनिटांत गोठला. दुरुस्तीवाला सेल्वम बघून गेला. म्हणे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकावी लागेल, दोन दिवस दुकानात ठेवा. दोन दिवस कशाला? आत कुंभकोणमच्या निम्म्या मराठी घरांच्या पत्रिका आहेत, मामंजींनी वर्षानुवर्षं बसून भरलेल्या. कुणाची मुलगी किती वर्षांची झाली, हे त्या दुकानात कळायला नको. विंडोजचा पेन ड्राइव्ह तेवढा मागून घेतला. मीच टाकीन म्हटलं. कॉलेजच्या ऑफिसात सतरा वर्षं मी काय नुसत्या टाचण्या मोजत होते?

घाई आहे. आमच्या लेकीच्या, गायूच्या, होणाऱ्या सासूबाईंचा तंजावरहून फोन: "हातचें नको, कंप्यूटरचें असकें जातकम् पाठवा." म्हणजे अख्खी पत्रिका. आडी महिना (त्यात इथे शुभकार्य करत नाहीत) लागायच्या आत साखरपुडा व्हायला हवा.

४ जून
मामंजी बिथरलेच. "त्या पेटीस हात लावूं नको. मी हातानें लिहून देतों."
त्यांना हाताचं नकोय, म्हटलं.
"मग नाहीं म्हणून सांग."
ब्याऐंशी वर्षांचा माणूस, सुनेवर कधी आवाज चढवला नाही. आज चढवला. लाडक्या नातीचं लग्न ठरतंय आणि हे म्हणतात नाही म्हणून सांग! काहीतरी आहे त्या पेटीत.

५ जून
ह्यांचा तिरुच्चीहून फोन. म्हणे तुला सगळीकडे काळंबेरंच दिसतं. दिसतं, कारण असतं.

मामंजी झोपले की माझ्या पेन ड्राइव्हवर फाइली कॉपी करते. दहा मिनिटं चालू, अर्धा तास बंद ठेवायचा, पुन्हा दहा मिनिटं. नावांच्या इंग्रजी क्रमानं येतायत. आनंद (वन्संचा धाकटा) आला, भास्कर आला, दोन्ही चित्रा आल्या. गायत्रीपर्यंत पोचायच्या आत मशीन बंद. आता विंडोज सुरूही होत नाही.

मामंजी उठल्यावर एवढंच म्हणाले, "मेली का?" चेहऱ्यावर दुःख नव्हतं. मी नीट पाहिलं.

७ जून
मामंजी सकाळी भजनाला गोविंदपुरमला गेले. रिक्षा वळली तशी मी कॉम्प्युटरपुढे बसले.

पेन ड्राइव्ह लावला. सगळं पुसलं जाईल, नक्की ना, असं दोनदा विचारलं. दोनदा हो म्हटलं. त्रेसष्ट टक्क्यांवर अडकलं, मी जागची हलले नाही. मग आपोआप पुढे गेलं. सुरू झाल्यावर तारीख भलतीच, कधीची तरी. आतला सेल मेलाय. घड्याळवाल्याकडून आणून बसवला. पत्रिकेच्या प्रोग्रॅमची सीडी मामंजींच्या कपाटात, पंचांगांखाली. चालली!

गायूची माहिती नव्यानं भरली. तारीख. वेळ, सकाळी ९.१४, नर्सनं दोनदा सांगितली होती. जन्मस्थळाच्या रकान्यात कुंभकोणम आधीच होतं. खोडून सांगली लिहिलं. पहिलं बाळंतपण माहेरी, मला कुणी सांगायला नको.

लग्न कन्या. मंगळ सातव्या घरात.

पुन्हा वाचलं. गायूचं तूळ लग्न. मंगळ सहाव्यात. पाठ आहे मला. तंजावरच्या बाईंचा पहिल्या दिवशीचा पहिला प्रश्नच तो: चेव्वाय दोषम् नाहीं न? मुलाला मंगळ नाही, मुलीलाही चालणार नाही. आम्ही छातीठोकपणे नाही म्हटलं होतं.

८ जून
आधी सेल्वमवर संशय घेतला, त्याच्या पेन ड्राइव्हवर. मग स्वतःच्या बोटांवर. तीनदा भरलं, तीनदा मंगळ सातव्यात. चौथ्यांदा सांगली काढून कुंभकोणम ठेवलं. गावाबरोबर लग्नही सरकलं. तूळ. सहाव्यात. दोष साफ!

गायूचा जुना प्रिंट ट्रंकेतून काढला, नुसतं कुंडलीचं एक पान. खाली जिथे जन्मस्थळ छापतात ती पट्टी नाही. कात्रीनं सरळ कापलेली.

रकाना बदलायचा राहून गेला असेल, वय झालं, असंही म्हणून पाहिलं. मग कॉपी करून ठेवलेली आनंदची फाइल उघडली. वन्संचा धाकटा हैदराबादला झाला. रकान्यात हैदराबादच आहे. म्हणजे बदलता येत होतं. बदलतही होते.

९ जून
विचारलं. मामंजी वेष्टीची घडी घालत होते.
"पोर या घरची. इथलेंच घातलों."
दोष दिसला होता ना तुम्हाला?
घडी झाली. उलगडली. पुन्हा घातली. "दिसला. ती दहा वर्षांची होती. खुर्चीमागें उभी होती, ताता, माझें कैसें आलें म्हणून विचारत."

मला राग यायला हवा होता. आला नाही, आणि त्याचाच राग आला. असल्या गोष्टी मी मानत नाही असं ऑफिसात मोठ्या तोंडानं सांगायचे. आता डोळे मिटले की सातवं घर दिसतं. भीती वाटते. तिच्यासाठी वाटते, त्या मुलासाठीही.

११ जून
तंजावरहून मेसेज: "आमच्या जोश्यांस एकदां दाखवतों. तारीख, वेळ, स्थळ द्या."

पत्रिका मी अजून पाठवली नव्हती. पण स्थळ का? आजवर नाही विचारलं ते आजच का?

गायूला कोइंबतूरला फोन करून सगळं सांगितलं. म्हणाली, "आई, मी सांगलीला झाले हे त्याला माहितीय. मीच सांगितलंय." त्याला माहीत. मग त्याच्या आईला? माहीत असून विचारत असतील तर ही परीक्षा आहे. माहीत नसेल तर एका शब्दाचं काम. कुंभकोणम लिहायचं, की सगळं सुरळीत. ह्यांना विचारलं तर म्हणाले, अप्पांना (म्हणजे मामंजींना) विचार.

गायू म्हणाली, "खरं लिही. तो गेला तर तेव्हा बघू." आवाज नेहमीसारखा होता. जरा जास्तच नेहमीसारखा.

१२ जून
सकाळी साडेनऊला पाठवलं. तारीख, वेळ, सांगली. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. पुढे काही नाही.

मामंजींनी विचारलं, "काय लिहिलीस?"
सांगली, म्हटलं.
ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. मग म्हणाले, "तुझीहि पत्रिका मीच पाहिली होती. तुझ्या बाबांनीं पाठविली तेव्हां."
मग? काय होतं तीत?
"येऊन अठ्ठावीस वर्षें जालीं न तुला? कांहीं बिघडलें?" असं म्हणाले आणि कॉफी मागितली.

केली. साखर घालायची राहिली. तशीच प्यायले.

दुपारचे तीन. तंजावरहून अजून काही नाही.