पाच बोटांत मी नाही

प्रिय धाकटे,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनवर लिहिणं सोपं होतं, पण शनिवारभर तुझा फोन आमच्या टिल्लीच्या हातात असतो आणि हे तिने वाचायचं नाही. म्हणून पाकीट तुझ्या बस-आगाराच्या खिडकीत स्वतः ठेवून जातेय. आता सरळच सांगते, मला तुझा हेवा वाटतो. हेवा हा फार सभ्य शब्द झाला, जळते मी तुझ्यावर. लहानपणी तुला माझ्याआधी पोहता आलं तेव्हाही जळले होते, पण ते आठवड्याभरात विरलं. हे काही विरत नाही.

सोमवारी चौथीचा तास होता, टिल्लीचा वर्ग. आमच्या संगणकाच्या खोलीत चौदा संगणक, त्यातले अकरा चालू आणि मुलं एकतीस, म्हणजे एका माउसवर तीन-तीन हात. त्यामुळे ऑनलाइन सुरक्षिततेचा हा धडा मी कागदावरच घेते. मुलांनी कागदावर पंजा ठेवायचा, भोवतीने पेन्सिल फिरवायची आणि प्रत्येक बोटावर एक मोठं माणूस लिहायचं. इंटरनेटवर कोणी घाबरवलं, फोटो मागितला, नको ते बोललं, तर ज्याच्याकडे धावत जाता येईल असं माणूस. एका पठ्ठ्याने दोन बोटांवर आजोबाच लिहिले. का रे, तर म्हणे त्यांना कमी ऐकू येतं, दोनदा सांगावं लागतं. मी हसत हसत टिल्लीच्या बाकापाशी आले. तिच्या अंगठ्यावर मावशी, शेजारी छोटीशी बस काढलेली. मग बाबा, मग आजी, मग गाण्याच्या बाई आणि करंगळीवर शाळेच्या फाटकावरचे काका, ज्यांच्याकडे धड फोनसुद्धा नाही. मी, तिची आई, कुठेच नाही. सहावं बोट नसतं म्हणून राहिलं असेल, अशी मी दोन दिवस स्वतःची समजूत घालत होते.

आणि अंगठ्यावर कोण, तर तू! जिचा पासवर्ड फोनच्या पाठीवर चिकटवलेला असतो. जी बक्षीस लागल्याच्या निरोपाला तीनदा फसलीस आणि तिन्ही वेळा रडत मलाच फोन केलास. इकडे मी पालकांच्या सभेत मान ताठ करून सांगते, मुलांशी मैत्री करा, म्हणजे मुलं बोलतील. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! मी जेवताना विचारलं, आज काय झालं, तर ‘काही नाही’. शनिवारी तुझी बस शेवटच्या थांब्यावर रिकामी झाली की दहा मिनिटं तुम्ही दोघी समोरच्या काचेतून रस्ता बघत बसता आणि ती म्हणे बोलतच सुटते. घरी येते ती ‘मावशी म्हणाली, मावशी म्हणाली’ करत. मावशीला बोलायला लागतंच काय गं? गृहपाठ घ्यायचा नाही, नखं कापायची नाहीत, सकाळी अंथरुणातून ओढायचं नाही.

पण खरं कारण मला ठाऊक आहे. तुला कधी सांगितलं नाही, कारण त्यात माझी बाजू लंगडी पडते. गेल्या वर्षी तिने मैत्रिणीला पासवर्ड दिला आणि त्या मैत्रिणीने टिल्लीच्या नावाने कोणाला तरी वेडंवाकडं लिहिलं. टिल्ली माझ्याकडेच आली होती. माझ्या मांडीत तोंड खुपसून तिने सगळं सांगितलं. मी रागावले नाही, शाबास म्हटलं, जवळ घेतलं. आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच वर्गात उभी राहून सांगितलं, एक मुलगी होती, तिने मांजरीचं नाव पासवर्ड म्हणून ठेवलं होतं. इतकं ताजं उदाहरण हाताशी होतं, मला राहवलं नाही. मुलीचं नाव मी घेतलं नाही, मांजरीचं घेतलं. आमची मांजर रोज शाळेच्या भिंतीवर हिंडते, अख्खा वर्ग तिला नावाने ओळखतो. महिनाभर मुलं टिल्लीला बघून म्याव म्याव करत होती. ती मला एका शब्दाने बोलली नाही. मला वाटलं, विसरली असेल.

आता नीट ऐक. दहा-बारा दिवस झाले, तिचं काहीतरी बिनसलंय. मी खोलीत शिरले की टॅबलेट पालथा होतो. निरोपाची टिंग वाजली की दचकते. ताटातलं अर्धं ताटातच राहतं. काल मी टॅबलेट उघडून बघितला, तर सगळे निरोप पुसलेले. काही पुसू नका, पुरावा राहू द्या, हे मीच शिकवलंय तिला. म्हणजे ती माझ्यापासून लपवायला पुसतेय. तिच्या बाबाला विचारायला लावलं, पण तो मला सगळं सांगतो हे तिला पक्कं माहीत आहे. शेवटी मीच शेजारी बसून विचारलं, कोणी त्रास देतंय का? चादरीचा दोरा ओढत ती म्हणाली, ‘तू वर्गात सांगशील.’ मी माफी मागितली, शपथ घेतली. तिने शहाण्यासारखी मान डोलावली आणि सांगितलं काहीच नाही.

म्हणून हे पत्र. शनिवारी शेवटच्या थांब्यावर तू तिला विचार. असं कसं केलंस, असं म्हणू नकोस. समोर जो कोणी असेल त्याला उत्तर देऊ नकोस आणि तिला आता काही पुसू देऊ नकोस. कोणालाच सांगणार नाही, असं वचन मात्र देऊन बसू नकोस. कोणी मोठं माणूस तिला घाबरवत असेल, तर त्याच दिवशी पोलिसांकडे जायचं आणि मला फोन करायचा. आत तू जा तिच्याबरोबर. तिला मी नको असेन, तर मी बाहेर बाकावर बसेन. पण ते मुलांमुलांचं भांडण निघालं, तर मला काहीच सांगू नकोस, नुसतं ‘ठीक आहे’ एवढं कळव. मी विचारेन. खोदून खोदून विचारेन, रुसेन, तुझ्याशी भांडेनसुद्धा, मला ओळखतेस तू. तरी सांगू नकोस.

तुझीच,
जळकुकडी ताई